गंजक्या फियाटला ठिगळ कसं लावावं?
नवशिक्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

हे कोणासाठी

ज्यांच्याकडे जुनी फियाट आहे, तिला भोकं पडली आहेत आणि ती आपली आपण बुजवू असा ज्यांना आत्मविश्वास आहे, त्यांच्यासाठी. वेल्डिंग यायलाच हवं अशी अट नाही. ज्याला वेल्डिंग येतं तो दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करून चार पैसे मिळवतो. असले लेख वाचत बसत नाही.

फियाट हा शब्द इथे मुंबईच्या पद्धतीने, ऐसपैस वापरला आहे. पन्नाशीच्या दशकातली डुक्कर फियाट, १९६४ची अकराशे डिलाइट किंवा १९७४पासून पद्मिनी हे नाव लावून फिरलेली तिची धाकटी बहीण, यांपैकी काहीही चालेल. वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ जुळवल्या, मग फियाटशी सोयरीक केली. १०८९ सीसीचं ते इंजिन पुढे काही दशकं आख्ख्या मुंबईला टॅक्सीतून ओढत होतं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३मध्ये तीही सन्मानाने निवृत्त झाली. त्यामुळे आता उरलेल्या पद्मिन्या तुमच्यासारख्यांच्या भरवशावर आहेत. त्यांची काळजी वाटते ती म्हणूनच.

आपली गाडी ‘व्हिंटेज’ आहे असं पाहुण्यांना सांगण्यापूर्वी नियम वाचा. जुलै २०२१च्या केंद्राच्या नियमानुसार गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि तिच्या चासीत, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत. अशा गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात आणि ती दहा वर्षं चालते. मात्र ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी बाहेर काढता येते. जुन्या फियाटवाल्यांनी हा नियम येण्याच्या कितीतरी आधीपासून काटेकोर पाळलेला आहे.

साहित्य

पत्रा : सीआर, म्हणजे थंड लाटलेला, साधा पोलादी पत्रा. मडगार्ड आणि दरवाजांसाठी २० गेज (सुमारे ०.९ मिलिमीटर), तळासाठी १८ गेज (सुमारे १.२ मिलिमीटर). दुकानदार जस्ताचा पत्रा दाखवून “हा गंजणारच नाही साहेब” म्हणेल. तो खरंच बोलतो, पण घेऊ नका. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पोलाद वितळायला दीड हजाराच्या आसपास तापावं लागतं. म्हणजे सांधा जुळण्याआधीच जस्ताचा पांढरा धूर तुमच्या छातीत पोचलेला असतो. संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, घरचे मलेरियाची तपासणी करून आणतात आणि ती निगेटिव्ह येते.

हत्यारं : पत्रा कापायची कातर, ग्राइंडर, दोन वजनांच्या हातोड्या आणि डॉली, म्हणजे पत्र्यामागे धरायचा पोलादी ठोकळा. हे सगळं नागदेवी स्ट्रीटवर मिळतं. काचेचं रबर, बिडिंग, दिव्याच्या काचा वगैरेंसाठी ऑपेरा हाउसचा सुट्या भागांचा बाजार आहे. तिथे जाताना घरून यादी करून न्या आणि यादीतलंच घ्या. चोर बाजारात यादी नेऊ नये. तिथे जे मिळतं त्यावरून आपल्याला काय हवं होतं ते ठरतं.

चुंबक : फ्रिजवरचा चालेल.

पुठ्ठा : जाड लग्नपत्रिका. पातळ पत्रिका पाठवणाऱ्या यजमानांचा या कामाला उपयोग नाही.

अंगावर : काळा चष्मा, चामड्याचे हातमोजे, जाड सुती कपडे. टेरिकॉटची विजार ठिणगीने वितळते आणि वितळून जिथे चिकटते ती जागा डॉक्टरांना दाखवायला संकोच वाटतो.

शेजारी : भरलेलं अग्निशामक नळकांडं. “कुठेतरी आहे” हे चालणार नाही.

मेस्त्री : एक. याविषयी पुढे.

पायरी पहिली : जागा आणि मुहूर्त

गाडी सहा महिने एकाच जागी उभी राहील, चारही बाजूंनी फिरता येईल आणि ठिणग्या उडाल्या तर कुणाची वाळत घातलेली साडी पेटणार नाही, अशी जागा शोधा. गिरगाव, दादर किंवा लालबागमध्ये ती सापडली तर ठिगळाचा नाद सोडा आणि ती जागा भाड्याने द्या.

मुहूर्त त्याहून अवघड आहे. जून ते सप्टेंबर पावसाचे, तेव्हा उघडा पत्रा रात्रीत तांबूस होतो. भाद्रपदात गल्ली मंडळाची असते. केशवजी नाईक चाळीत १८९३ साली गणपती बसला तेव्हापासून गिरगावात यावर कुणी वाद घातलेला नाही. दिवाळीत फटाके आणि उघडी पेट्रोलची टाकी शेजारी-शेजारी नकोत. शिमग्याला मेस्त्री कोकणात जातात आणि पालखी परत देवळात गेल्याशिवाय येत नाहीत. एप्रिल-मे मध्ये वेल्डिंगच्या चष्म्यात घाम साचून काही दिसत नाही. उरले डिसेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, काम उत्तम. या तीन महिन्यांत तुमच्या घरात किमान दोन लग्नं असतील, पण त्याला इलाज नाही. पत्रिका जपून ठेवा, वर सांगितलं आहे.

पायरी दुसरी : भोक शोधणे

भोक तर समोर दिसतंय, शोधायचं काय, असं वाटणं ही नवशिक्याची खूण आहे. दिसतं ते भोक नव्हे. दिसते ती गंजाने धाडलेली पोच.

गाडीचा पत्रा सहसा आतून बाहेर गंजतो. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आलं की गंज सुरू होतो. त्यात मीठ पडलं की त्याला वेग येतो, कारण खारट पाण्यातून वीजभार सहज वाहतो आणि गंजणं ही मुळात विजेचीच करामत आहे. चौपाटीचं खारं वारं गिरगावातल्या गाडीला बारा महिने फुकट मिळतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा कुलाब्याला तो ७३ मिलिमीटरच नोंदला गेला. उपनगरातल्या गाड्या एका दिवसात गेल्या. गिरगावातल्या वाचल्या आणि मग सावकाश, एकेका हप्त्याने गेल्या.

परळ-दादरकरांचं दुखणं वेगळं. हिंदमाताला पाणी तुंबतं हे महापालिकेनेही मान्य करून जमिनीखाली मोठाल्या टाक्या बांधल्या. पण त्याआधीच्या कित्येक पावसाळ्यांत तुमची गाडी दाराखालपर्यंत त्या पाण्यात उभी राहिलेली आहे. दारांखालच्या पोकळ पेटीत, गॅरेजवाले जिला रनिंग बोर्ड म्हणतात तिच्यात, पाणी शिरलं. निघून जायला कंपनीने खाली छिद्रं ठेवली होती, ती चिखलाने बुजली. पाणी आत मुक्कामाला राहिलं. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतं, त्यामुळे आतल्या आत पत्र्याचे पापुद्रे फुगले आणि वर्षांनी बाहेरच्या रंगावर एक पुटकुळी आली. तुम्ही तिला भोक म्हणता.

म्हणून ठोकून पाहा. हलक्या हातोडीने पत्र्यावर चालत जा. टण् आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. भद्द आवाज आला तर पुट्टी किंवा पोकळ गंज. मग चुंबक फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्राच नाही, आधीच्या मालकाची कलाकुसर आहे. शंका आली तिथे पेचकस टोचा. आरपार गेला तर खडूने खूण करा. खडू संपेल. दुसरा आणा.

पुढील जागा विसरू नका : रबरी पायपुसण्यांखालचा तळ, बॅटरीखालचं तबक, डिकीत जादा चाक ठेवायचा खळगा, पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखालची पट्टी आणि मडगार्डच्या कमानीची आतली कड, जिथे १९७० सालचा चिखल अजून मूळ स्वरूपात सापडतो.

पायरी तिसरी : कापणे

या मार्गदर्शनात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : सडका पत्रा संपून निरोगी, चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापत जायचं. ठिगळ नव्या पत्र्याचं असलं तरी ते उभं राहतं जुन्याच्या कडेवर. कड कुजकी असेल तर तिच्यावर टाका बसत नाही. ज्योत लावली की कड मागे सरकते आणि भोक पुढे. नवशिका त्याला वेल्डिंग मशीनचा दोष मानतो.

कापण्याआधी बॅटरीची तार काढा. पेट्रोलची टाकी उतरवून लांब न्या. “टाकी रिकामीच आहे” म्हणून ती जागेवर ठेवणारे आशावादी असतात. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि धोका वाफेचाच असतो.

कापताना आत जे सापडेल त्याने खचू नका. पुट्टीचा बोटभर थर, त्याखाली आधीचं ठिगळ, त्याखाली तेलाच्या डब्याचा रिव्हेट मारलेला तुकडा, त्याखाली वर्तमानपत्र. वर्तमानपत्र वाचत बसू नका. बातम्या त्याच आहेत.

आता सावधगिरीची जागा. डॉज-प्लिमथला खाली वेगळी चासी होती. वरचा डबा सडला तरी गाडी उभी राहायची. फियाटला तशी चासी नाही, तिचं अंग हाच तिचा सांगाडा आहे आणि रनिंग बोर्ड हे त्यातलं मुख्य तुळईचं काम करतात. तो भाग टेकू न देता कापला तर गाडी मधे खचते, दारं अडकतात आणि नवा पत्रा जोडला की ती खचलेल्या आकारातच कायमची पक्की होते. म्हणून आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे अँगल टाका, खाली घोडे लावा, वजन चाकांच्या जागीच येऊ द्या आणि एका वेळी एकच बाजू कापा. दाराची फट कापण्याआधी मोजून भिंतीवर लिहा. दक्षिण मुंबईच्या वाचकाला टेकूविषयी अधिक सांगत नाही. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या कृपेने तो टेकूंखालीच लहानाचा मोठा झालेला आहे. फरक इतकाच की गाडीचे टेकू काम झाल्यावर काढायचे असतात.

पायरी चौथी : पुठ्ठ्याचा नमुना

लग्नपत्रिका भोकावर धरा, कडेने अंगठा दाबत आकार उमटवा आणि कापा. वळवायची कड असेल तर तेवढी जास्त ठेवा. नमुना बसेपर्यंत पुठ्ठाच कापत राहा. पुठ्ठा फुकट आहे, पत्रा नाही. कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यावर उष्णता आणि ताण दोन्ही साचतात आणि चिरा तिथूनच जातात.

पायरी पाचवी : पत्रा घडवणे

नमुना पत्र्यावर आखा, कातरीने आखणीच्या किंचित बाहेरून कापा आणि कानशीने बरोबर करा. सरळ वळण दोन अँगलमध्ये पत्रा दाबून मिळतं. मडगार्डची कमान मात्र दोन दिशांना वळते. ती वाळूच्या पिशवीवर ठोकून, मग डॉलीवर सपाट करत, पुन्हा ठोकून मिळते. घाई केली तर पत्रा ताणला जातो आणि ताणलेला पत्रा फुगीर होतो.

तळावर लांबट उठावदार नाळ्या दिसतात, त्या नक्षी नव्हेत. सपाट पत्रा पायाखाली डबडबतो. नाळीने तो ताठ होतो. तुमच्या ठिगळातही त्या काढा. लाकडात खाच करून पत्रा त्यावर ठेवा, बोथट पहार खाचेत ठोकत न्या. आवाज होईल. तळमजल्यावरच्या काकू दोनदा विचारतील, तिसऱ्यांदा विचारणार नाहीत. थेट सेक्रेटरींना सांगतील. तेव्हा ही पायरी क्रिकेटचा सामना चालू असताना करावी.

पायरी सहावी : टाके

आता मेस्त्री. जाड गर्डर जोडणारं साधं आर्क वेल्डिंग एवढ्या पातळ पत्र्याला भोकं पाडतं. जुने डेंटर हे काम गॅसने करत. ऑक्सि-ॲसिटिलीनची ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते आणि ती पत्र्यावर किती वेळ धरायची हे हातालाच कळावं लागतं. हल्ली मिग, म्हणजे गॅरेजच्या भाषेत सीओटू वेल्डिंग, सोपं पडतं. फक्त पंखा बंद ठेवा आणि आडोसा करा. वाऱ्याने गॅस उडाला की सांध्याला जाळीदार भोकं पडतात.

ठिगळ भोकावर कडेला कड लावून बसवा, मधे जेमतेम फट ठेवा. एकावर एक चढवलेलं ठिगळ झटपट होतं, पण दोन पत्र्यांच्या मधे पाणी राहतं आणि पुढच्या भोकाची सोय तिथेच झालेली असते. आधी चार बाजूंना चार टाके. मग समोरासमोर एकेक. प्रत्येक टाका हात लावण्याइतका निवेपर्यंत पुढचा घालू नका. एका दमात सरळ शिवण मारण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तापलेलं पोलाद निवताना आकसतं, आकसताना शेजारचा पत्रा ओढतं आणि आरशासारखं मडगार्ड पापडासारखं होतं. मधल्या काळात टाका हातोडी-डॉलीने हलकेच ठोकला तर आकसलेलं लोखंड पुन्हा थोडं पसरतं.

मेस्त्री हे सगळं न बोलता करतील. तुम्ही सूचना देऊ नयेत. चहा द्यावा. “उद्या येतो” याचा अर्थ विचारू नये.

पायरी सातवी : घासणे आणि झाकणे

सांधा ग्राइंडरने सपाट करा, पण शेजारचा पत्रा कमी करू नका, ०.९ मिलिमीटरातून फार काही काढता येत नाही. मग त्याच दिवशी, त्याच संध्याकाळी, प्रायमर. “रविवारी लावू” म्हणजे पुन्हा घासू.

बाहेरून सांध्यावर सीलर भरा. रनिंग बोर्डाच्या आत नळीने गंजरोधक मेण फवारा, कारण आतल्या बाजूला ब्रश कधीच पोचत नाही आणि गंज नेहमी पोचतो. खालची छिद्रं तारेने मोकळी करा. नव्या पत्र्यात ती पाडायची राहिली असतील तर आत्ता पाडा. ज्यांनी अख्खं रनिंग बोर्ड नवं घातलं आणि छिद्रं ठेवली नाहीत, त्यांनी स्वखर्चाने पाण्याची टाकी बांधली.

पुट्टी शेवटी, आणि नखाएवढी जाड. ती खोलगटपणा भरायला असते, भोक भरायला नव्हे.

शंका-समाधान

*नुसती पुट्टी भरून भागणार नाही का?* भागेल. दिवाळीत विकायची असेल तर दसऱ्याला भरा.

*रिव्हेट मारले तर?* दोन पावसाळे निघतील. तिसऱ्यात रिव्हेट जागेवर असतील, ठिगळही असेल, भोवतालचा पत्रा नसेल.

*आधी रंग कोणता ते ठरवू का?* बहुतेक जण तेच करतात. म्हणून मुंबईत सुंदर रंगाच्या, आतून पोकळ गाड्या पुष्कळ दिसतात.

*इतकी ठिगळं लावल्यावर ती तीच गाडी राहते का?* सांगाड्याचा आकार आणि घडण तशीच ठेवलीत तर ती दुरुस्ती आहे. छत कापून उघडी केलीत तर तो फेरबदल आहे आणि पन्नास वर्षं झाली तरी ‘व्हीए’ पाटीचं नाव काढू नका. कापण्याआधी आणि नंतर फोटो काढून ठेवा. मूळ घडण राखल्याचा दुसरा पुरावा तुमच्याकडे नसेल.

*एकूण खर्च किती?* भोकाच्या मापावरून अंदाज करू नका. कापून झालेल्या जागेच्या मापावरून करा आणि तो आकडा घरी सांगण्याआधी एकदा जेवून घ्या.

शेवटची सूचना

हे सगळं वाचूनही हात शिवशिवत असतील तर गाडीपासून सुरुवात करू नका. वीस गेजचे दोन तुकडे घ्या आणि ते सपाट जोडता येईपर्यंत जोडा. जमल्यावर खडू घेऊन गाडीकडे या. खडूची पहिली खूण जिथे कराल, त्याच्या चार बोटं पलीकडून कापायला सुरुवात करा. ठिगळ कमी-जास्त झालं तर सुधारता येतं. सडका पत्रा मागे ठेवून लावलेलं ठिगळ मात्र कितीही सफाईने बसवलं तरी फुकट गेलं.